तळहातावरचं दूध

जपानमधल्या ओनो गावातल्या आमच्या तोफूच्या दुकानात निगारी ओतायची पळी माझ्याच हातात असते. निगारी म्हणजे सोयाचं दूध फाडायचं खारं पाणी. जरा कमी-जास्त झालं की अख्खं भांडं वाया. वय त्र्याहत्तर झालं म्हणून काय झालं? सून मिसुझु म्हणायची, आता मी ओतते. पण ती पडली थर्मामीटर बुडवून काम करणारी. जिभेला विचारल्याशिवाय तोफू होत नाही, हे तिला बारा वर्षांत कळलं नाही, असं माझं ठाम मत.

अशातच एक दिवस विद्यापीठातल्या निशियामाबाई आल्या. सोयातली द्रव्यं लहानांच्या, तरुणांच्या आणि म्हाताऱ्यांच्या अंगात किती जिरतात, ते त्यांना लघवी तपासून बघायचं होतं. एकाच घरातल्या तिघी हव्या होत्या, म्हणजे मी, मिसुझु आणि नऊ वर्षांची नात कोहारु. मी तिथल्या तिथे पैज लावली. माझ्या अंगात सुनेपेक्षा कमी जिरलं तर पळी तिची, नाहीतर वयाचा विषय पुन्हा काढायचा नाही. मिसुझु चालेल म्हणाली.

अट एकच होती, आधी पाच दिवस सोया बंद. आंबवलेल्या सोयाचं मिसो नाही, सोया सॉस नाही, तोफू तर नाहीच. मग आमच्या घरात उरतं काय? मीठ लावलेला मासा नि भात. तिसऱ्या दिवशी कोहारुने विचारलं, "आजी, आपण गरीब झालो का गं?" सहाव्या दिवशी उठल्या उठल्या पहिली बाटली भरली, मग तिघींनी तोफूचा सारखाच तुकडा खाल्ला आणि दिवसभराच्या बाटल्या फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी ठेवल्या. माझा मुलगा दोन दिवस फ्रिज उघडेना.

तीन आठवड्यांनी बाई आल्या त्या तोंड पाडूनच. कोहारुचं सगळं व्यवस्थित होतं. पण माझ्या पहिल्याच बाटलीत, तोफू खाण्याआधीच, सोया सापडला होता. मी भडकले. पाच दिवस मासा चघळून काढले आणि वर मीच चोर?

बाईंनी शांतपणे विचारलं, पहाटे काय काय करता? मी सांगायला लागले. दाणे वाटते, दूध उकळते, तळहातावर घेऊन चाखते, मग निगारी... आणि मी माझ्याच तळहाताकडे बघितलं. रोज चार भांडी, चारदा चाखणं. त्याला मी जन्मात कधी खाणं म्हटलं नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. अट मीच मोडली, म्हणजे पैज हरले आणि पळी गेली, असंच मी धरून चालले.

"आणि हिची बाटली?" मी विचारलं.

"त्यांच्यातही तेच," बाई म्हणाल्या. "जवळजवळ तुमच्याइतकंच."

मिसुझुचे कान लाल झाले. "आई, पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात, तुझ्या जिभेला काय कळतंय. तेव्हापासून तुमची पाठ वळली की चाखते. थर्मामीटर नुसता दाखवायला."

मला माझीच लाज वाटली, आणि आनंद तर इतका झाला की बाईंसमोरच तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पळी तिच्या हातात दिली. तिने उघडपणे दूध तळहातावर घेतलं, चाखलं आणि ओतलं. बाईंना पुन्हा पाच दिवस हवेत. मी सांगितलं, आम्हा दोघींचा नाद सोडा. कोहारुला घ्यायचं तर लवकर घ्या. कालपासून तीही स्टुलावर चढून हात पुढे करते.