उतारावरून मशीन

लॉरीवाल्याचा फोन आला तेव्हा पुठ्ठेवालीचे दोन्ही हात खळीने भरले होते. तिने कोपराने फोन दाबला, "बोला, बोला!" म्हणून ओरडली आणि पलीकडचं ऐकून तशीच अंगणात धावत सुटली.

"वन्सं! अहो वन्सं! मशीन निघालं! दुपारच्या आत दारात!"

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. बिस्किटांच्या गोदामात उभी हयात घालवून त्या नुकत्याच घरी बसल्या होत्या. निरोपाच्या वेळी मालकाने "बाई, तुम्हाला काय देऊ?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी गोदामाच्या कोपऱ्यात पडलेला जुना हँड पॅलेट मागितला. दोन लांब लोखंडी काटे, एक उभं हँडल आणि पोटात तेलाचा पंप. काटे लाकडी पॅलेटखाली, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीखाली, सरकवायचे, हँडल वरखाली मारायचं, की टनभर ओझं जमिनीपासून चार बोटं वर उठतं आणि एकटी बाई ते ओढून नेते. भाऊ म्हणाला होता, "ताई, लोक निरोपाला सोन्याची साखळी घेतात, तू लोखंड घेऊन आलीस!"

हा भाऊ, म्हणजे पुठ्ठेवालीचा नवरा, घड्याळजी होता. चिमट्यात न मावणारी वस्तू त्याच्या मते अवजडच. आणि आज येणारं मशीन घरातल्या सगळ्या माणसांना एका पारड्यात घातलं तरी भारी भरलं असतं. पुठ्ठेवाली इतकी वर्षं सुरी आणि पट्टी घेऊन खोकी कापत आली होती. तर्जनीला घट्टा पडला होता, पण हात थांबला नव्हता. हे मशीन एका दाबात अख्खं खोकं कापून, घड्या पाडून पुढ्यात टाकणार होतं. तिला रात्रभर डोळा लागला नव्हता.

"आधी आपल्या हत्तीला उठवू," वन्सं म्हणाल्या आणि पदर खोचून हँड पॅलेटपाशी गेल्या. "आणि तू आधी पायात बूट घाल. चपलेवर हे काम नाही."

त्यांनी हँडल मारायला सुरुवात केली. काटे थोडे वर आले, थरथरले आणि सुस्कारा सोडल्यासारखे पुन्हा खाली बसले. पुन्हा मारलं, पुन्हा तेच.

पुठ्ठेवालीच्या तोंडचं पाणी पळालं. "गेलं! आजच्याच दिवशी गेलं!"

"काही गेलं नाही. आडवा पाडून टेम्पोतून आणलाय, पंपात हवा शिरली असणार. तेलही कमी वाटतंय." त्यांनी काटे पूर्ण खाली बसवले, तेलाचं बूच उघडलं, आत डोकावल्या आणि गोदामातून आणलेल्या डब्यातलं तेल बेताने ओतलं. बूच घट्ट केलं. मग हँडलवरची छोटी लिव्हर वर ओढून धरली आणि तशीच धरून हँडल वरखाली, वरखाली मारत राहिल्या. आत गुडगुड झालं, एखाद्याचं पोट बोलावं तसं. पुठ्ठेवालीला एकदम हसू फुटलं.

"हस, हस. हवा बाहेर पडतेय." वन्संनी लिव्हर खाली दाबली. "आता मार तू."

पुठ्ठेवालीने हँडल मारलं आणि काटे सरसर वर आले. तिथेच राहिले. "उठला! वन्सं, उठला!" तिने टाळ्या पिटल्या आणि आनंदाच्या भरात एक पाय काट्यावर टाकून दुसऱ्याने जमीन रेटली. हँड पॅलेट स्कूटरसारखा अंगणभर घरंगळला.

"उतर आधी!" वन्संचा आवाज असा चढला की घड्याळजी डोळ्याचं भिंग काढून दारात आला. "यावर बसून मिरवणाऱ्या एकीचा घोटा मी फुटलेला पाहिलाय. हा माल उचलतो, माणसं नाही."

पुठ्ठेवाली जीभ चावून उतरली. वन्संनी मग चाकं पाहिली. पुढच्या एका चाकात सुतळी आवळून बसली होती. घड्याळजीने चिमट्याने ती तुकड्या-तुकड्याने ओढून काढली आणि आपलाही उपयोग झाला म्हणून छाती फुगवून उभा राहिला.

लॉरी आली. फाटक अरुंद, म्हणून लॉरीवाल्याने लॉरीवरच्या क्रेनने मशीन फाटकाच्या आत टेकवलं, सही घेतली आणि निघून गेला. पॅलेटला पट्ट्यांनी आवळलेलं ते हिरवं धूड अंगणात बसलेलं पाहून तिघंही त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

"किती देखणं आहे हो," पुठ्ठेवाली पुटपुटली.

वन्संनी काटे पॅलेटखाली पार शेवटपर्यंत सरकवले, ओझं मधोमध आहे ना ते वाकून पाहिलं आणि जेमतेम जमीन सुटेल एवढंच उचललं. "उंच उचलून कुणाला दाखवायचंय?" लिव्हर मध्यावर ठेवून त्या सावकाश ओढू लागल्या. सपाट अंगण मजेत पार झालं. पुढे कामाच्या खोलीकडे उतरणारा सिमेंटचा छोटा उतार होता. तिथे त्या थांबल्या.

"याला ब्रेक नसतो. खरं तर उतारावर हा नेऊच नये, पण दुसरी वाट नाही. म्हणून ओझं पुढे, मी वरच्या अंगाला, आणि उताराच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. कुणीही!"

मशीनला मागून दोर बांधला, तो फाटकाच्या खांबाला वेढा देऊन घड्याळजीच्या हाती दिला. त्याने थोडा थोडा सोडायचा होता. निम्मा उतार छान गेला. मग घड्याळजीला वाटलं, आता काय, पोचलंच की. त्याने खांबाचा वेढा काढला. नवा गुळगुळीत दोर त्याच्या मुठीतून सर्रकन निसटला.

हँडलने वन्संना पुढे खेचलं. मशीन त्यांच्यासकट उतारावरून सुटलं. आणि घड्याळजी, हातातून गेलेलं हातानेच अडवायचं म्हणून, बाजूने धावत थेट मशीनच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, दोन्ही तळवे पसरून.

"बाजूला हो! गेलं तर जाऊ दे!" वन्सं किंचाळल्या.

तो जागचा हलेना. पुठ्ठेवालीने झेप घेतली, त्याची कॉलर धरली आणि त्याला भिंतीकडे असं ओढलं की दोघंही पालथी पडली. त्याच क्षणी वन्संनी लिव्हर वर ओढली. काटे खाली बसले, पॅलेटची लाकडं सिमेंटवर टेकली, करकर घासत गेली आणि दाराच्या चौकटीपाशी थांबली.

मग घड्याळजी खालूनच म्हणाला, "मशीन बरंय का?"

"मशीन बाजारात दुसरं मिळेल," वन्सं हँडल सोडून त्याच्याकडे आल्या. "भाऊ कुठल्या दुकानात मागू रे मी? ऊठ!"

तो उठला, पाय झटकले आणि कसनुसा हसला. पुठ्ठेवालीला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं. या वेळी दोर तिने घेतला, खांबाला दोन वेढे देऊन. काटे पुन्हा वर उचलले. हात-हात दोर सुटत गेला, चौकट मागे गेली आणि मशीन खिडकीखालच्या जागेवर अलगद टेकलं.

विजेची जोडणी होईतो पुठ्ठेवालीने पुठ्ठ्याचा ताव कितीतरी वेळा उलटापालटा केला. बटण दाबलं. खाडकन आवाज झाला आणि कापलेलं, घड्या पडलेलं खोकं समोर आलं. तिने कडा वर केल्या. चारही कोपरे एकमेकांत चपखल बसले.

"वन्सं, धरा. पहिलं तुमचं."

वन्संनी ते हातात फिरवून पाहिलं, वास घेतला, टिचकी मारली. मग दाराबाहेर रचलेल्या तावांच्या थप्पीकडे पाहिलं. "हे सगळे ताव तू डोक्यावरून आत आणणार होतीस की काय?"

"मग कसे?"

"मी आहे ना," म्हणत त्यांनी हँड पॅलेट थप्पीकडे वळवलासुद्धा. "आणि उद्या कामाची खोली उघडायची कधी, ते सांगून ठेव. मला उशीर चालत नाही."