चुंबनं पुसणारा रुमाल

मी एक जुना रुमाल आहे. मित्रांनो, तुम्ही नाक पुसता तसला नव्हे. सामार बेटावरच्या आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला लाकडी ख्रिस्ताच्या पायांचं चुंबन घ्यायला सारं गाव रांग लावतं. प्रत्येक चुंबनानंतर ते पाय पुसायचे, हे माझं काम.

जन्माने मी पिठाची गोणी. सेलाआजीने मला उकळून, उन्हात वाळवून शिवलं. मेयर असो की भिकारी, ती प्रत्येकामागे एकदाच हलका हात फिरवायची. "सगळ्यांची तोंडं सारखीच घाण," म्हणायची आणि हसायची.

आता आजी नाही. मी तिच्या भाचीच्या, कोर्देंगबाईंच्या हातात आलो. खरं सांगू? मला माझीच किळस यायची. थुंकी, लिपस्टिक, शेंबूड आणि खेकड्यांचा वास! होय, खेकडे. उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, पण खेकडे चालतात, म्हणून ही मंडळी खेकड्यांवर आडवा हात मारतात आणि सुतकी चेहरा करून रांगेत येतात. शी!

पण त्याहून किळसवाणं यंदा घडलं. लिगाया बाजारात मासे साफ करते. तिचा नवरा टिबो राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवास सुरू होतात त्या दिवशी, होडी घेऊन गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून ती खरोखरच एक वेळ जेवते. या पायांचं चुंबन घेऊन नवऱ्याला परत मागायचं, एवढीच तिची आस होती.

ती पुढे आली तशी कोर्देंगबाईंनी नाक मुरडलं. "तिथूनच हात जोड, बये. देवाला मासळीचा वास लागेल."

"बाई, देवाचे सोबती कोळीच होते की."

"ते आंघोळ करायचे!"

रांगेत हसू पिकलं. लिगायाचे कान लाल झाले. कोर्देंगबाईंनी मला धरलेला हात तिच्यापुढे आडवा घातला. मग तिने दोन्ही हातांनी मला धरलं आणि माझंच चुंबन घेतलं. सगळ्या गावाच्या तोंडाची घाण माखलेल्या माझं!

"हा तर त्या पायांना लागलाय ना," ती म्हणाली. "देवा, माझ्या टिबोला आण रे."

हसू थांबलं. कोर्देंगबाईंनी मला दोन बोटांत उचललं आणि टेबलाखाली फेकलं. तिथेच मी पडून आहे. मला माझीच किळस यायची, ती आज येत नाही.

परवा ईस्टर. टिबोचा अजून पत्ता नाही. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची शेवटी एकच विनवणी असते, आम्हाला स्वच्छ ठेवा. माझी तशी नाही. टिबो येईपर्यंत मला कुणी धुवू नका.