मंगळवारचा लाल खांब

पट्ट्याखालचा हिरवा दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला... आत कोणीतरी बसून मनगटाकडे टक लावून बघावं आणि मधूनच वहीत काहीतरी खरडावं, तसा. नात पहिल्यांदा आधाराशिवाय उभी राहिली त्याच आठवड्यात हा हाताची थरथर मोजणारा काळा रबरी पट्टा घरात आला होता. तिच्या हलण्याचं कौतुक झालं, आजोबाच्या हलण्याची मोजदाद सुरू झाली. आंघोळ सोडली तर पट्टा काढायचा नाही. झोपेतही नाही. चाळीस वर्षं सुतारकी केली, पण मनगटात घड्याळसुद्धा घातलं नव्हतं त्याने, लाकडाला चरा पडतो म्हणून.

हात मांडीवर होता. मांडीवर असला की तो हलायचाच — अंगठा तर्जनीवर फिरत राहायचा, बोटांत काहीतरी वळत असल्यासारखा. रिकामा बसला की त्याला हे सुचायचं. पण त्याच हातात रंधा द्या, पटाशी द्या, नुसता लाकडाचा तुकडा द्या... गप्प. शाळेत मागच्या बाकावर खोड्या करणाऱ्या पोराला फळा पुसायला उभं करावं, तसा गप्प. हे त्याला ठाऊक होतं, कारण हात त्याचा होता. पट्ट्याला ठाऊक नव्हतं. आणि घरात आता पट्ट्याला विचारायची पद्धत पडली होती. रात्री झोप लागली का, हे मुलगा त्याला विचारायचा नाही, फोन उघडून बघायचा. “बाबा, छान झोपलात तुम्ही,” असं सकाळी त्यालाच सांगायचा. मी जागा होतो, मी छताकडे बघत होतो, असं म्हटलं तर तो हसायचा.

मंगळवारी तो सुखी होता. ही एवढीच चूक झाली.

मागच्या अंगणातली शेड उन्हाळ्यापासून बंद होती. पटाशी निसटली, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सहा टाके पडले, आणि मुलाने शेडला कुलूप घातलं. पुन्हा हत्यारांना हात लावलात तर सगळी उचलून देऊन टाकीन, म्हणाला — आणि तो बोलतो ते करतो, आईवर गेलाय. मंगळवारी मुलगा आणि सून नातीला लशीचा डोस द्यायला गेली आणि तिथून सुनेच्या बहिणीकडे. त्याला चार तास मिळाले. कुलूप भलं मोठं होतं. पण ज्याने दार बसवलं त्याला कुलूप दिसत नाही, बिजागऱ्या दिसतात. आठ स्क्रू. पेचकस हातात धरल्याबरोबर हात गप्प झाला होता. दार कुलपासकट बाजूला झालं.

आत एक स्टूल अर्धवट पडलेलं होतं. कुणासाठी? कुणासाठीच नाही. तो पॉलिश पेपर घेऊन बसला आणि घासत राहिला, लाकडाच्या रेघेरेघेने, मागे-पुढे, मागे-पुढे, आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, तळव्याला बैठक रेशमासारखी लागेपर्यंत. किती महिन्यांनी हात त्याचं ऐकत होता. मग सगळं झाडलं, दार लावलं, आठही स्क्रू होते तसे पिळले. आज शनिवार. अजून कुणाला पत्ता नव्हता.

अकरा वाजता मुलाने टॅब्लेट टेबलावर उभा केला. डॉक्टरीणबाई दिसल्या. त्या दुसऱ्या गावात बसतात. त्याला त्यांनी एकदाच प्रत्यक्ष पाहिलं होतं, सात मिनिटं.

“काका, कसे आहात?” असं विचारून त्या उत्तराआधीच खाली बघू लागल्या. त्यांच्यासमोर त्याचा आठवडा उघडा होता. मग त्यांनी तो पडद्यावर आणला. सात दिवसांचे सात खांब, सहा बुटके, पिवळे, आणि मंगळवारचा लालभडक, वरच्या रेघेला जाऊन भिडलेला.

“मंगळवारी खूपच थरथर झाली तुम्हाला. सलग तीन तास, काही कमी नाही. त्रास झाला असेल.”

“नाही.”

“सवय होते, मग जाणवत नाही,” त्या मुलाकडे बघून म्हणाल्या. “गोळी अर्ध्याने वाढवू. मागे चक्कर येते म्हणून कमी केली होती, या वेळी हळूहळू चढवू.”

चक्कर. तो शब्द त्यानेच दिला होता त्यांना. मागे गोळी वाढवली तेव्हा चक्कर आलीच नव्हती, बायको आली होती. भर दुपारी, पलंगाच्या कडेला, त्याच्याकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत. एक शब्द नाही. जन्मात ती पाच मिनिटं गप्प बसली नव्हती. दाताच्या डॉक्टरकडे तोंडात चिमटा असताना त्यालाच दिवा नीट धरायला सांगत होती. आणि ही गोळीतून आलेली बाई पाठ फिरवून घड्या घालत बसायची, हाक मारली तरी वळायची नाही. अकरा दिवस. तो हे कुणाला सांगायचा? मुलाला? तुझी आई येते आणि माझ्याशी बोलत नाही म्हणून? चक्कर येते म्हणाला, गोळी कमी झाली, ती गेली. दुसऱ्यांदा गेली.

“मी घासत होतो,” तो म्हणाला.

“काय?”

“मंगळवारी. लाकूड घासत होतो. थरथर नव्हती ती. काम होतं.”

मुलगा हसला, त्रासून नाही, प्रेमाने, आणि तेच जास्त लागलं. “बाबा, शेडला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे. आज सकाळीच बघितलं मी.”

“कधीकधी होतं असं, काका,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, घरचे नातीशी बोलतात तशा आवाजात. “जुनं आठवतं आणि कालचं वाटतं. घाबरायचं नाही.”

“तुमच्या त्या यंत्राला कळतं का, हात कापतोय की कामात आहे?”

“हजारो पेशंटच्या हातांवरून शिकलंय ते. आपल्यापेक्षा बारीक बघतं.”

हजारो. त्या हजारांत सुतार किती होते, बाई? खुर्चीत बसवून, हात मांडीवर ठेवा, आता उचला, आता नाकाला लावा, असंच शिकवलं असेल ना त्याला... मग त्याला कसं कळणार की हात एका चालीत तीन तास मागे-पुढे होतो तेव्हा माणूस आजारी नसतो, तेव्हाच तर तो... पण यातलं तो काही बोलला नाही. बिजागऱ्या त्याच्या जिभेवर होत्या. चला, दाखवतो, स्टुलावरून हात फिरवून बघा, एवढं म्हटलं असतं की खांब आडवा झाला असता. आणि उद्या दारात टेम्पो उभा राहिला असता हत्यारं न्यायला. अर्धं खरं सांगितलं म्हणून तो आता खोटाही नव्हता, नुसता म्हातारा होता. राग आला तो आधी पट्ट्याचा, मग बाईंचा, मग त्या प्रेमळ हसण्याचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या तोंडाचा. मोकळं तरी सोडायचं, नाहीतर मिटून तरी ठेवायचं.

फोन संपला. मुलगा आतल्या खोलीत आपल्या कामाला बसला.

जेवण झाल्यावर सून गोळ्या घेऊन त्याच्या खोलीत आली. वाटीत दीड गोळी होती. अर्धी कापल्याचा पांढरा चुरा वाटीच्या तळाशी पडला होता. ती समोर बसली. एरवी बसत नाही.

“मंगळवारची तुमची पँट धुतली मी,” ती म्हणाली. “खालच्या दुमडीत लाकडाची पूड होती. भिजल्यावर तिचा चिखल झाला.”

त्याने अंगावरच्या पँटची दुमडी चाचपली.

“म्हणजे तुला माहीत होतं. सकाळी, तो हसला तेव्हा.”

“मला काय माहीत असणार? कपडे धुते मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय करू? उन्हाळ्यात फरशीवरचं रक्त कोणी पुसलं? लेक तुमचा दवाखान्यात धावला, सगळ्यांनी वाहवा केली. मी पोरगी कडेवर घेऊन रक्त पुसलं. एका हाताने.” तिचा आवाज चढला नव्हता. “गोळी वाढली तर तुम्ही खुर्चीत बसाल. मला बरंच की. खरं सांगते, मला बरं वाटलं.”

“आणि आता?”

“आता वाटत नाही. तुम्ही घासत होतो म्हणालात ना, तेव्हा तुमचं तोंड...” तिने वाक्य सोडून दिलं. “तुम्ही सांगा तसं. गोळी घ्या, नाहीतर मी त्यांना शेडवर पाठवते. दोन्ही वाचवणं माझ्याच्याने व्हायचं नाही, बाबा. मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात, त्यांना लगेच कळतं.”

“जरा थांबशील?”

“चारला चहाला उठतात ते. तोवर थांबते.”

ती वाटी ठेवून गेली. हात पुन्हा मांडीवर, अंगठा पुन्हा तर्जनीवर. राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. सकाळपासून तो एकेकाच्या डोक्यावर ठेवून पाहिला होता, सुनेच्या डोक्यावर तर तो बसायलाच हवा होता, आणि नेमका तिथेच बसेना, घसरत होता. शेड की गोळी. हत्यारं की ती घड्या घालणारी बाई. यात विचार करण्यासारखं काय होतं? हत्यारं गेली तरी चालतील, शेडवर पाठव त्याला, हे सांगायला तोंड उघडावं एवढंच. त्याने उघडलं नाही. वाटीकडे बघताना त्याला एक गोष्ट उमगली आणि सबंध दिवसात आला नव्हता एवढा संताप त्याला स्वतःचा आला... आपण हत्यारांसाठी अडलेलो नाही. आपल्याला ती गोळी हवी आहे. पाठ फिरवून बसेल, बोलणार नाही, ती ती नसेलच, हे सगळं कळत असून, नुसती पाठ तरी...

त्याने पलंगाच्या कडेकडे पाहिलं. चादर सपाट होती. तो त्या रिकाम्या कडेकडे बघत, स्वतःलाच बजावत मोठ्याने बोलला, अडखळत, पण प्रत्येक शब्द ठोकून, बाहेर सुनेला ऐकू गेलं तर जावो. माझी बायको वारली. सहा वर्षांपूर्वी, सतरा नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी सव्वादहा वाजता.