सगळ्यात उंच जागी भोक

गोदीतले लोक त्याला बुडक्या म्हणत. पाण्याखाली लोखंड कापण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट लोकांना बहुतेक वेळा त्याच्याच तोंडून कळत असे. "जमिनीवरचं शहाणपण चपलांसारखं काठावर काढून ठेवायचं," असं तो म्हणायचा. खाली हातोडा कितीही हाणा, तो रुसल्यासारखा हळूच येऊन खिळ्यावर बसतो. लाल चिंधी काळी दिसते. आवाज चहूकडून एकदम येतो, त्यामुळे हाक कुठून आली ते कळत नाही. कापायची ज्योत तर विझायचं सोडून पाण्यालाच फोडते. त्यातून निघालेला वायू छताखाली साठतो आणि एका ठिणगीसरशी कापणाऱ्याला घेऊन जातो. म्हणून कापण्याआधी सगळ्यात उंच जागी एक भोक पाडायचं, वायूला वाट करून द्यायची. बुडक्याच्या दोन सोबत्यांनी एकदा या भोकाचा कंटाळा केला होता. त्यांच्याबद्दल आता बोलून उपयोग नाही.

त्याचा धाकटा भाऊ अगदी दुसरं टोक. आंघोळीचं पाणीसुद्धा भीतभीत अंगावर घेणारा. थोरल्यानेच शब्द टाकून त्याला गाळ उपसणाऱ्या बोटीवर इंजिनाचं काम मिळवून दिलं होतं. "कोरडी नोकरी आहे, पायसुद्धा ओले होणार नाहीत," असं वर चिडवलंही होतं. एका सकाळी ती बोट गोदीतच कलंडली आणि तळाला जाऊन आडवी पडली. बाकीचे पोहून निघाले. धाकटा इंजिनखोलीत राहिला.

बुडक्या उतरला तेव्हा आतून ठोकल्याचा आवाज येत होता. बहुधा पान्याने ठोकत असावा. बुडक्याचा जीव भांड्यात पडला. डोक्यावरचा टोप पत्र्याला टेकवत, सरकत सरकत त्याने जागा हुडकली. वरच्या कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा होता. उपड्या पेल्यात अडकावी तशी तिथे हवा अडकली होती, आणि तिच्यावर धाकटा तगून होता.

कानात उस्ताद बोलले. वर काठावर बसून हवेची नळी आणि फोनची तार तेच सांभाळत. "ज्योत नको. करवतीनं खालच्या अंगाला काप. तिथून आत शिर आणि त्याच्या तोंडाला नळी लाव."

"होय, उस्ताद."

भोकाबद्दल कोणी काहीच बोललं नाही. ज्योत नाही तर वायू कुठला, आणि वायू नाही तर भोक कशाला? शेंबड्या पोरालाही हे कळलं असतं. पण भीतीने डोकं बधिर झालं की माणूस हातांच्या भरवशावर चालतो, आणि बुडक्याचे हात फार शिकलेले होते. त्यांनी करवत बाजूला ठेवली, ड्रिल उचललं आणि सगळ्यात उंच जागी टेकवलं.

पत्रा गंजून भिजल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. बोटाएवढं भोक पडायचं, तिथे तळहाताएवढा तुकडा निखळला. हवा भसाभस बाहेर पडू लागली. बुडबुडे बघून त्याला क्षणभर बरंही वाटलं, काम नीट झालं की वाटतं तसं. मग त्याच्या लक्षात आलं, ही धाकट्याची हवा होती.

"उस्ताद, मी भोक पाडलं! वरून पाडलं!"

 उस्ताद म्हणाले, "दाबून धर. छाती टाक त्याच्यावर. दुसऱ्याला लाकडी खुंटी देऊन पाठवतो."

तो अंग टाकणार, तेवढ्यात आतलं ठोकणं वेड्यासारखं वाढलं. त्यात घाबरणं नव्हतं, आनंद होता. ड्रिलचा आवाज ऐकून धाकट्याला वाटलं होतं, आले! मग ठोकणं थांबलं, भोकातून चार बोटं वर आली आणि त्यांनी थोरल्याचा हातमोजा घट्ट धरला.

भोक बुजवायचं तर ती बोटं आत ढकलायला हवी होती. त्याने ढकलली. ती पुन्हा वर आली, आधीपेक्षा जोरात. "सोड रे, सोड," तो टोपात ओरडत होता, पण त्याची तार उस्तादांपर्यंत जात होती, भावापर्यंत नाही. बोटांच्या कडेने हवा निसटत होती. पुन्हा ढकलायला हवं होतं, नखं मोडली तरी ढकलायला हवं होतं. त्याच्याच्याने ते झालं नाही. तो हात धरून बसला. दुसरा पाणबुड्या खुंटी घेऊन आला तेव्हा बुडबुडे थांबले होते.

काठावर भावजय उभी होती. कोणीतरी तिच्यासाठी खुर्ची आणली होती, ती तशीच रिकामी होती. त्याच्या डोक्यावरचा टोप निघेपर्यंत ती थांबली. त्याचा चेहरा बघून तिला कळलंच, तरी तिने विचारलं.

"दादा, आतून आवाज येत होता म्हणे."

"येत होता."

"मग?"

उस्तादांनी मागून त्याचा दंड दाबला. त्याने ऐकलं नाही. आयुष्यभर हिच्यासमोर कुठल्या तोंडाने बसायचं?

"मी वरून भोक पाडलं," तो म्हणाला.

 मग तिने त्याच्या थंडगार हातावर आपला हात ठेवला.

"बरं केलंत, दादा. तेवढीच हवा मिळाली असेल त्यांना."