आधी कादंबरी

दिवे लागले आणि चित्रपट मंडळाच्या अध्यक्षांनी माइक थेट ग्रंथपालबाईंच्या हातात दिला.

“शेवट काही आमच्या डोक्यात शिरला नाही. ती म्हातारी अख्खी भिंत पांढरी रंगवते आणि सिनेमा संपतो. तुम्ही कादंबरी वाचलेली आहे. तुम्हीच सांगा.”

साठ-सत्तर माना वळल्या. बाई उभ्या राहिल्या. गेले तीन आठवडे वाचनालयाच्या टेबलामागून त्यांनी येईल त्याला बजावलं होतं, ‘सिनेमा अवघड आहे. आधी कादंबरी वाचा, मग बघायला या.’ त्यांनी स्वतः मात्र चाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडून ती मिटली होती, त्यालाही अकरा वर्षं होऊन गेली होती.

“त्याचं असं आहे...”

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा पुसला.

मागच्या रांगेतून वायरमन उठला. वाचनालयाच्या दिव्या-पंख्यांचं काम तोच बघायचा. बाईंचं ऐकून कादंबरी घरी नेणारा तो एकटाच.

“बाईंनी मला समजावलं होतं. मी सांगू का?” तो म्हणाला. “पुस्तकात त्या भिंतीवर पोरांच्या उंचीच्या खुणा आहेत. पेन्सिलीच्या, दर वर्षाची एक. धाकट्याच्या खुणा सातव्या वर्षी थांबतात. सिनेमात त्या दिसतच नाहीत, म्हणून आपल्याला नुसतं रंगकाम वाटतं.”

मग टाळ्या झाल्या, त्या बाईंकडे बघून. त्यांनी मान लववली. ती मान लववणंच त्यांना नंतर सगळ्यात जास्त लागलं.

बाहेर वायरमन सायकलचं कुलूप काढत होता. बाई त्याच्याजवळ जाऊन थांबल्या.

“मी वाचलेली नाही ती कादंबरी.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“गेल्या सोमवारी मी भिंतीचं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, पुढे वाचा, कळेल.” तो वर न बघता म्हणाला. “ते शेवटचं पान होतं, बाई.”

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“मग तिथेच सांगून टाकायचं होतंत. माझं नाव कशाला घेतलंत?”

त्याने कुलपाची साखळी गुंडाळून सीटखाली अडकवली.

“सगळे तुमच्याकडे बघत होते,” तो म्हणाला.