ओढलं की थांबलं पाहिजे

डोमाने दांडी छातीपर्यंत ओढली, आणि पडद्यावरचं यान थांबायच्या ऐवजी सुसाट सुटून खडकावर फुटलं. लागोपाठ चौथ्यांदा. त्याने दांडी पेटीतून मुळासकट उपटली आणि शेजारी उभ्या हरिदासच्या तोंडावर हाणली. हरिदासने पडता पडता टेबलाचा आधार घेतला, तर डोमाने त्याचा उजवा पंजा तिथेच दाबून धरला आणि त्याच दांडीने बोटांवर मारलं. एकदा, मग दुसऱ्यांदा, सावकाश, नेम धरून. खेळ बघायला जमलेली पोरं भिंतीला चिकटली. आतल्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत बसलेली सत्यशीला धावत आली, तेव्हा भावाची तीन बोटं भलतीकडेच वळली होती.

"वढलं का थांबलं पायजे," डोमा तिला म्हणाला. त्याला साधी धापही लागली नव्हती. "उद्या बजाराच्या टायमापर्यंत नीट करून ठेव. नाईतर याचा दुसरा हात हाये."

गडचांदूरच्या स्टँडजवळ या बहीणभावाचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. सत्त्याऐंशी साली हरिदासने नागपूरहून हे जुनं मशीन आणलं आणि दुकानाला जत्रेचं रूप आलं. नाणं टाकायचं, दांडीने यान हाकायचं, खडक चुकवत तारे मागे टाकायचे. डोमा मात्र नाणं न टाकताच बसायचा. तो लाकडाच्या ठेकेदाराचा माणूस. जंगलातून कोणी न विचारता मोळी आणली, तर डोमा त्याच्या घरी जायचा, आणि महिनाभर त्या घरात कोणी कुऱ्हाड उचलत नसे. सारा गाव हे जाणून होता, आणि सारा गाव त्याला रामराम करत होता.

डॉक्टरांनी बोटं सरळ करून लाकडी खपच्च्या बांधून दिल्या. परत आल्यावर हरिदास भिंतीकडे तोंड करून बसला. मग म्हणाला,

"दांडीत करंट सोड."

सत्यशीलेने मशीनच्या उघड्या पेटीतून डोकं वर काढलं नाही.

"मानूस मरते, भाऊ."

"मराले पायजे म्हणूनच म्हणून राह्यलो."

तिने त्याला समजावलं. डोमा मेला तर ठेकेदाराची माणसं दुकान जाळतील, तुला फाशी नाहीतर जन्मठेप होईल, आपले म्हातारे वडील बापूराव कोणाच्या तोंडाकडे बघतील. हरिदास ऐकत होता की नाही, देव जाणे. तिलाही डोमाचा गळा दाबावासा वाटत होताच. पण तिच्या हातात काम होतं, आणि काम हातात असलं की तिचं डोकं ठिकाणावर राहायचं.

मशीन बनवणाऱ्याने ठरवलं होतं की दांडी पुढे रेटली की यानाला ब्रेक लागेल आणि मागे ओढली की ते झेप घेईल. शाळकरी पोरं हे दोन दिवसांत शिकली. डोमा दोन महिन्यांत शिकला नाही. तो मूर्ख आहे असं सगळे त्याच्या पाठीमागे म्हणत. सत्यशीलेने त्याला बसलेला अनेकदा पाहिला होता. खडक दिसला की तो दोन्ही पाय पुढे रोवायचा, कंबरेतून मागे रेलायचा आणि ओढायचा. आज पेटीत हात घातल्यावर तिला उमगलं की हे आपण घरातच पाहिलं आहे. बापूराव बैलगाडी हाकायचे तेव्हा उताराला अस्सेच रेलायचे. डोमानेही ट्रक येईपर्यंत बारा वर्षं जिवतीच्या घाटातून सागवानाच्या गाड्या उतरवल्या होत्या. समोर धोका दिसला की कासरा ओढायचा, म्हणजे बैल थांबतात, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. डोक्याला कळलं तरी हात ऐकत नव्हता.

म्हणजे दोन वायरींची अदलाबदल. दहा मिनिटांचं काम. एवढ्यासाठी भावाची तीन बोटं गेली, याचा तिला इतका संताप आला की हातातला पेचकस तिने भिंतीवर फेकला. मग उठून तो शोधून आणला.

दांडी तुटली होती, म्हणून तिने सायकलच्या पंपाचा लोखंडी दांडा बसवला. हाताला रुतू नये म्हणून त्याला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बापूरावांचा डबा करायला घरी गेली.

ती परतली तेव्हा बाजार भरला होता आणि डोमा मशीनवर बसला होता. मागे पोरांची गर्दी. हरिदास गळ्यात हात अडकवून भिंतीवरच्या विजेच्या बटणांच्या बोर्डाशी उभा होता.

पडद्यावर खडक आला. डोमाने पाय रोवले, रेलला, ओढलं. यान खडकाच्या वीतभर अलीकडे थांबलं.

"हो... हो रे राजा," तो पुटपुटला.

पुन्हा खडक आला, पुन्हा थांबलं. पुन्हा तेच शब्द, जनावराला चुचकारतात तसे. सत्यशीलेला त्याची दया आली नाही. तिचं लक्ष त्याच्या मुठीकडे गेलं होतं. मुठीखाली नुसतं लोखंड चमकत होतं. तिने गुंडाळलेलं रबर कुठेच नव्हतं. दांड्याच्या बुडातून तिने न जोडलेली एक लाल वायर निघाली होती आणि भिंतीवरून थेट बोर्डाच्या काळ्या बटणापर्यंत गेली होती. त्या बटणावर हरिदासचा डावा अंगठा होता.

ओरडावं, तर डोमाला सगळं कळेल आणि तो भावाला इथेच ठेचेल. धावत बोर्डापाशी जावं, तर मध्ये पोरांची भिंत. दांडी मात्र हातभर अंतरावर होती.

"दांडी अशी धरा, डोमाभाऊ," ती म्हणाली, आणि वाकून तिने त्याच्या मुठीवर आपला हात ठेवला. बोटं खाली सरकवून लोखंडाला घट्ट लावली.

मग तिने मान वळवून भावाकडे पाहिलं.

हरिदासचा चेहरा राखेसारखा झाला. अंगठा बटणावर होता तिथेच होता. पडद्यावर खडक येत होते, दोन हात एकाच दांडीवर ते चुकवत होते.

"आजून हात काऊन ठेवून राह्यली?" डोमाने विचारलं.

"नवीन दांडी हाये. करंट मारते कधी कधी. म्हणून पाहून राह्यली."

डोमा हसला आणि त्याने मूठ आणखी आवळली. तिची बोटं लोखंडावर चेंगरली, तरी तिने ती सोडवली नाहीत. हरिदासने अंगठा काढला. मग तो पोरांना बाजूला सारत, कोणाकडेही न बघता, बाजारात निघून गेला. त्याची पाठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत तिने हात उचलला नाही.

"आता बराबर हाय," डोमा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "वढलं का थांबते."