मोहाचा पाला

धामणखेडीतली एकोणीस घरं वणव्यात जळाल्याला वीस दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत महादेवरावांच्या पुनर्वसन समितीने चार ठराव, दोन सत्कार आणि एक फोटो उरकला. छप्पर मात्र एकही चढलं नव्हतं.

पाचवा ठराव झाडांचा होता. गावामागच्या टेकडीवरचे त्रेपन्न मोह वणव्यात मेले, असं समितीने लिहून टाकलं. ते तोडायचे, तळेगावला आरा मशीनवर चिरायचे, अर्ध्या लाकडात जळालेल्या घरांची आढी आणि वासे करायचे, उरलेलं अर्धं खर्चापोटी मशीनवाल्याने ठेवायचं. मशीनवाला महादेवरावांचा साडू होता. रिकाम्या जागी निलगिरी लावायची, कारण ती सरळ वाढते. सरळ गोष्टींचं महादेवरावांना एवढं कौतुक आहे, हे कोकिळाला नवीनच होतं.

कोकिळा तळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि शनिवारी गावी यायची. त्या शनिवारी ती चाकू घेऊन टेकडीवर गेली. एकेका झाडाच्या कोळशासारख्या सालीत तिने नखाएवढी खिडकी कापली. आत हिरवा ओला थर लागला आणि पांढरा चीक आला, की वहीत ‘जिवंत’. तपकिरी आणि कोरडं लागलं, की ‘मृत’. रविवारी दुपारपर्यंत बेचाळीस जिवंत निघाले. मोहाची साल जाड असते, एवढं गुराख्यालाही ठाऊक होतं. पण समितीतलं कोणी टेकडी चढलंच नव्हतं. सावली खालीच होती.

जमीन गावाची असली तरी एकेक मोह एकेका घरच्या बाईचा असे. सासूचं झाड सुनेकडे जाई आणि एकीची फुलं दुसरी उचलत नसे. म्हणून तोडायला त्रेपन्न जणींचे अंगठे हवे होते. कोकिळाची आई वारल्यापासून त्यांचं झाड वडील, अण्णाजी, पाहत. कागदावर पहिली सही त्यांचीच होती. त्यांनी केली म्हटल्यावर सतरा बायांनी अंगठे उठवले.

अण्णाजी ताडपत्रीखाली बसून राखेतून वेचलेले खिळे हातोडीने सरळ करत होते.

“सही मागं घ्या, बाबा. बेचाळीस झाडं जिती हायेत.”

“नाई जमत.”

“काऊन?”

त्यांनी आणखी दोन खिळे ठोकले. “महादेवरावानं मले सांभाळून घेतलं, पोरी.”

आग कुठून लागली, ते कोकिळाला कळलं. फुलं पडायच्या आधी मोहाखालचा पाला झाडून पेटवतात, म्हणजे साफ जमिनीवर फुलं दिसतात. पण ते काम पहाटेचं. वारा पडलेला असतो, गवत थोडं ओलं असतं.

“दुपारी पेटवला पाला?”

“हो.”

“सकाळी काय करून राह्यले होते?”

“पत्ते,” अण्णाजी म्हणाले. “महादेवरावाच्याच ओसरीवर.”

तिरस्काराची कोकिळाला कधी कमतरता नव्हती. त्यातला वाटा घरात द्यावा लागेल, हे मात्र तिने गृहीत धरलं नव्हतं.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सभा भरली. उरलेले अंगठे घ्यायचे होते.

“या मास्तरीनबाई,” महादेवराव म्हणाले. “झाडायची नाडी पाह्यली म्हणे. ताप किती हाय?”

चार माणसं हसली. ती चारही समितीतली होती.

“बेचाळीस जिती हायेत,” कोकिळा म्हणाली.

“मंग तुया बापानं खोटी सही केली काय? इचार त्यायले. काऊन केली, ते बी इचार.”

अण्णाजींनी मान वर केली नाही. मग कोकिळानेच सांगितलं.

“आग आमच्या झाडाखाली लागली. बाबानं भर दुपारी पाला पेटवला. हे लपवाच्या बदल्यात ते सही हाय.”

महादेवरावांजवळचं एकुलतं हत्यार कोणीतरी फुकट वाटून टाकलं होतं.

पुढे बसलेल्या आनंदाबाईचं घर जळालं होतं आणि दोन बकऱ्याही. तिने तंबाखू थुंकली. “हे कोणाले मालूम नाई वं? मी विहिरीवर होती. धूर कोणत्या झाडाखालून उठला, ते दिसत नाई काय?”

“मंग बोलली काऊन नाई?” कोकिळाने विचारलं.

“बोलून घर उभं राह्यते काय?”

“आन् अंगठा काऊन देला?”

“अण्णाजीनं सही केली म्हून. म्हटलं, त्यायले झाडाचं समजते.”

म्हणजे वीस दिवस एक माणूस सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट लपवत होता, आणि दुसरा ती लपवण्याची किंमत वसूल करत होता. दोघंही गावात शहाणे म्हणून ओळखले जात.

“मायं झाड जितं हाय?” आनंदाबाईने विचारलं.

कोकिळाने वही पाहिली. “जितं.”

“मंग माया अंगठा खोडजो, महादेवराव. आढ्याचं पाहू.”

तिच्यामागून मनकर्णाबाई उठली, मग लीलाबाई. आपापलं झाड विचारायला बायांची रांग वहीपाशी लागली. महादेवरावांनी कागद घडी करून खिशात घातला आणि सभा तहकूब झाल्याचं जाहीर केलं. कोणी ऐकलं नाही.

रांग संपल्यावर अण्णाजींनी विचारलं, “आपलं?”

“मेलं. आग बुंध्याशीच होती.”

तिने ते हळू आवाजात सांगितलं नाही.

मेलेली अकरा झाडं गावानेच कुऱ्हाडीने पाडली आणि गावातच तासली. अण्णाजींच्या मोहाचं आढं आनंदाबाईच्या घरावर चढलं. चढवताना अण्णाजींनी खांदा दिला. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि जा असंही कोणी म्हटलं नाही. काम झाल्यावर आनंदाबाईने सगळ्यांबरोबर त्यांच्याही हातात चहाची कपबशी दिली.

कोकिळाने दिली नसती.